रिझिकीच्या कॅमेऱ्यावर बोली

आमच्या किलिंदोनीत, म्हणजे दारेसलामपासून दूर समुद्रातल्या या बेटावर, वस्तूची खरी किंमत कोणी सांगत नाही. सांगणारा अर्धी करून सांगतो, ऐकणारा मनातल्या मनात दुप्पट करून घेतो, आणि दोघं खुशीत घरी जातात. खरी किंमत तोंडातून बाहेर पडली की नजर लागते. माझ्या मामाने एकदा पाहुण्यांसमोर बोकडाची खरी किंमत सांगून टाकली. बोकड तिथेच खुंट्याला बांधलेला, त्याने ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून गवताला तोंड लावेना. खजूर मागायला लागला. पुढे पुढे तर मामी त्याला बसायला चटई टाकून द्यायची. खोटं वाटत असेल तर मामाला विचारा. तो वारला, पण विचारायला काय जातं.

तेव्हा माझ्या नातीने, रिझिकीने, आपल्या कॅमेऱ्याची किंमत नवऱ्याला नऊ लाख शिलिंग सांगितली, यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. नऊ लाख म्हणजे तीन सायकली. पण खरी किंमत होती एक कोटी सत्तर लाख. रीत आहे अर्धी करायची. ही पोरगी फणस सोलायला बसली आणि सोलता सोलता हातात नुसती आठळी ठेवली.

आता एवढा महाग कॅमेरा कशाला, तर पाण्याखालचे फोटो काढायला. आमच्या समुद्रात हंगामाला पोटवे येतो. ठिपक्याठिपक्यांचा मासा, एखाद्या मचव्यापेक्षा लांब, पण चावत नाही कोणाला. माझ्या शेजारणीने एकदा बेट समजून त्याच्या पाठीवर धुणं वाळत घातलं होतं. धुणं वाळलं छान, फक्त मोंबासात वाळलं. तर या पोटवेच्या शेजारी पोहायला लांबलांबून पाहुणे येतात, आणि आपण माशाजवळ होतो हे घरी पटावं म्हणून त्यांना फोटो लागतो. रिझिकी श्वास रोखून त्यांच्याबरोबर खाली जाते आणि तो काढते. आधी ती पाहुण्यांच्या चपला सांभाळायची आणि त्यांना नुसता मासा दाखवायची. बक्षिसी मिळायची ती फोनमध्ये साठवायची. पूर्वी घरात पैसा आला की कळायचं हो, भांड्याचा आवाज बदलायचा, बाई चालायची वेगळी. फोनमधल्या पैशाला ना वास ना आवाज. कित्येक हंगाम तिने साठवला. वर निकाहात नवऱ्याने दिलेल्या मेहेराच्या बांगड्या दारेसलामला नेऊन विकल्या आणि मनगटात तशाच दिसणाऱ्या पितळेच्या घालून आली.

कॅमेऱ्याचं खोकं माझ्या घरी उतरलं होतं, म्हणून मला आकडा माहीत. कॅमेरा एवढासा. पण त्याला पाण्यात नेण्यासाठी धातूचं जाड कवच, पुढे कलिंगडाएवढी काच, आणि दोन बाजूंना खेकड्याच्या नांग्यांसारखे दोन दिवे. कवचाच्या दाराला रबराची रिंग असते. त्या रिंगेत एक केस अडकला तरी समुद्र आत येतो, आणि समुद्र आत आला की तुमचा कॅमेरा माशांचा झाला.

तिचा नवरा शामते. मी त्याला माझा नवरा म्हणते आणि रिझिकीला सवत. आमच्यात आजीचं आणि नातवंडांचं असंच थट्टेचं नातं. शामते मासेमारी करतो, शिडाच्या मचव्यावर. वारा असला की राजा. वारा पडला की वल्ही मारत परत येतो, तोवर बाकीच्यांची मासळी विकून झालेली असते. त्याला इंजिन हवं होतं. जुनं, वापरलेलं, साठ लाखांचं. हा आकडा सगळ्या गावाला पाठ, कारण शामते नमाजानंतर दुसरं काही म्हणत असेल तर तो आकडाच. जमवलेले वीस लाखांच्या पुढे कधी गेले नाहीत. एकदा त्याने रिझिकीला विचारलं होतं, "नसराची आई, तुझ्याकडे काही शिल्लक आहे का गं? थोडे घालशील?" नसरा म्हणजे त्यांची मुलगी. तेव्हा बांगड्या विकून झालेल्या होत्या आणि खोकं जहाजात होतं. रिझिकी म्हणाली, "कुठलं आलंय शिल्लक."

वर याने काय करावं? कॅमेऱ्याचा दुसरा दिवा अजून घ्यायचाय असं कळल्यावर स्वतःची सायकल तीन लाखांना विकली आणि पैसे तिच्या हातावर ठेवले. म्हणाला, "नऊतले तीन माझे." तेव्हापासून पायी फिरतो. मशिदीसमोरच्या ओट्यावर कॉफी पिताना लोकांना सांगतो, "कॅमेरा पाण्यात उतरतो ना, तेव्हा त्याचा तिसरा हिस्सा मी असतो." लोक हसतात, तोही हसतो. रिझिकी तिथून जात असली तर डोक्यावरच्या कांग्याचा पदर पुढे ओढून घेते.

हे असं चाललं असतं बरेच दिवस. पण मागच्या हंगामात एका परक्या माणसाचा कॅमेरा आमच्याच एका होडीत बुडाला आणि त्याने भांडून होडीवाल्यांच्या नाकी नऊ आणले. तेव्हा होडीवाल्यांच्या संघाने ठरवलं की यापुढे ज्याच्या कॅमेऱ्याचा विमा नाही तो होडीत चढणार नाही. हंगाम तोंडावर आलेला. दारेसलामहून विम्याचा माणूस येणार होता, मसावे नावाचा.

तो यायचा त्या सकाळी रिझिकी माझ्या अंगणात बसली होती. कॅमेरा गोड्या पाण्याच्या टबात बुडवून ठेवला होता. खाऱ्या पाण्यातून आला की त्याला असा न्हाऊ घालावा लागतो. तिने नसरालासुद्धा कधी इतकं न्हाऊ घातलं नाही.

"आजी," ती म्हणाली, "विमा किती रकमेचा उतरवू?"

"जेवढ्याचा कॅमेरा तेवढ्याचा."

"थट्टा नको करू."

"बरं, मग नऊ लाखांचा उतरव. हप्ता कमी, नवरा खूश."

"आणि पाणी शिरलं तर? नऊ लाखांत यातली काचसुद्धा येत नाही. माझ्याकडे आता काही नाही गं. बांगड्यासुद्धा नाहीत. हा गेला की मी परत पाहुण्यांच्या चपला सांभाळायला."

"मग खरा आकडा सांग."

ती रबराची रिंग बोटाने पुसत राहिली. मग म्हणाली, "कोणाला सांगू? मसावेला सांगायला काही नाही. तो परका. पण आकडा कागदावर आला की घरी येणार. घरी आला की त्यांना कळणार."

"कळू दे. पैसा तुझा आहे. मेहेर तुझा, बक्षिसी तुझी. त्यात नवऱ्याचं काही बोट नाही. धर्मानेसुद्धा नाही."

"पैशाचं नाहीच आहे, आजी. त्यांनी माझ्याकडे मागितले होते. मी नाही म्हटलं. आणि मग त्यांनी सायकल विकली." तिने मान वर केली नाही. "रोज पायी येतात बंदरावरून. पायाला घट्टे पडलेत. मी तेल लावून देते. तेल लावताना मला वाटतं, सांगावं. मग तेल संपतं."

मी म्हटलं, "सवत, तू असं कर. मसावे धक्क्यावर उतरला की त्याला तिथेच गाठ. कानात सांग खरा आकडा. कागद माझ्याकडे ठेवायला दे. माझ्या पेटीत माझ्या सासूचा आत्मा आहे, तिथे कोणी हात घालत नाही."

ती हसली नाही, पण उठली. कॅमेरा पुसला, पिशवीत घातला आणि निघाली. मीही मागून गेले. अशा गोष्टी बघायला मिळणार असतील तर माझे गुडघे दुखत नाहीत.

पण आम्ही पोचेपर्यंत उशीर झाला होता. धक्क्याशेजारीच मासळीचा लिलाव होतो, आणि लिलाव पुकारतो शामते. त्याचा आवाज असा आहे की त्याने "कोण घेतो" म्हटलं की समोरच्या बेटावरून लोक हात वर करतात. त्याची स्वतःची मासळी असो नसो, पुकारायला त्यालाच बोलावतात. तर मसावे होडीतून उतरला, पँट वर दुमडून, बूट हातात धरून, आणि पहिला भेटला तो शामतेच.

"विम्याचे साहेब ना तुम्ही?" शामतेने त्याची बॅग घेतली सुद्धा. "माझ्या बायकोचा कॅमेरा आहे. आमचा, म्हणजे. चला, आधी कॉफी घेऊ."

रिझिकी पुढे झाली. "साहेब दमले असतील. मी त्यांना मुक्कामाच्या जागी भेटते दुपारी."

"दुपारी कशाला? ओट्यावर सगळे आहेत. आपल्याला काय लपवायचंय?"

तिने कॅमेऱ्याची पिशवी छातीशी धरली. मला एकही थाप सुचली नाही, आणि मला न सुचणं म्हणजे ओहोटीला भरती येण्यातला प्रकार.

ओट्यावर नेहमीची मंडळी होती. म्हातारा जुंबे मधोमध. पंच्याऐंशीचा आहे, पण जीभ विशीतली. कॉफीवाल्याने छोटे पेले भरले, शेंगदाण्याची चिक्की फिरवली. बायका ओट्यावर बसत नाहीत, म्हणून रिझिकी आणि मी खाली चटईवर बसलो. कॅमेरा आमच्यासमोर, उघडा. मसावेने वही काढली, पेनाचं टोपण दातात धरलं.

"आधी धोके सांगा," तो म्हणाला. "या समुद्रात काय काय धोका आहे?"

हे त्याने मला विचारायला नको होतं. विचारलं नव्हतंच म्हणा, पण मी जवळ बसले होते.

"ऑक्टोपस," मी म्हटलं. "माझ्या बापाचं घड्याळ एकाने काढून घेतलं. पुढे तपास केला तर कळलं, आठही हातांत आठ घड्याळं. वेळेवर जेवायचा."

मसावेने लिहिलं. खरंच लिहिलं. जुंबे म्हणाला, "साहेब, हिचं लिहाल तर वही पुरायची नाही. हिच्या बापाकडे घड्याळ नव्हतं."

"म्हणूनच नव्हतं," मी म्हटलं.

सगळे हसले. रिझिकी हसली नाही. तिचा हात मांडीवर, दुसऱ्या हातात घट्ट धरलेला.

मग मसावेने विम्याची गोष्ट समजावून सांगितली. बरा माणूस होता, सोपं करून बोलला. "रक्कम बरोबर सांगायची. समजा तुमची होडी दहा लाखांची, आणि हप्ता वाचवायला तुम्ही पाचच सांगितले. म्हणजे तुम्ही अर्ध्याच होडीचा विमा उतरवला. उद्या एक फळी मोडली तर आम्ही अर्ध्याच फळीचे पैसे देणार."

"अर्ध्या फळीने समुद्र थांबत नाही," शामते म्हणाला. होडीचं म्हटल्यावर त्याला लगेच कळलं. "मग पूर्णच लिहा, साहेब. पूर्ण कशाला, दुप्पट लिहा. नऊ लाखांचा आहे, अठरा लिहा. तिसरा हिस्सा माझ्या सायकलीचा आहे त्यात, उगाच धोका नको."

"दुप्पट लिहिता येत नाही. आणि..." मसावे पुढे वाकला. काच पाहिली, दिवे पाहिले, कवचाच्या खटक्यावरून अंगठा फिरवला. मग रिझिकीकडे पाहिलं. "ताई, मी झांझिबारला असे कॅमेरे पाहिलेत. नऊ लाख म्हणजे... काही चूक होतेय का?"

रिझिकी म्हणाली, "तुम्ही लिहा नऊ."

"लिहितो. पण मग पाणी शिरलं तर तुमच्या हातात काही यायचं नाही. मी नंतर शिव्या खायला परत येणार नाही."

जुंबेला मजा वाटली. "अरे शामते, तुझ्या बायकोला किंमत आठवत नाही. लिलाव पुकार. कळेल काय भाव जातो ते."

आता आमच्या लिलावाची रीत सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. मासळीचा मालक मासळीजवळ गप्प बसतो. पुकारणारा भाव चढवत नेतो. मालकाला भाव पटला की तो माशाला हात लावतो. हात लागला की सौदा पक्का. हात लागेपर्यंत पुकारणाऱ्याने थांबायचं नाही.

शामते उठलाच. त्याला थट्टा आवडते आणि त्याचा आवाजही त्याला आवडतो. कॅमेऱ्यासमोर उभा राहिला, छाती भरून घेतली. "नऊ लाख, नऊ लाख, ताजा माल, एका डोळ्याचा मासा, कोण म्हणतो दहा?"

"दहा," जुंबे म्हणाला.

"दहा लाख, दहा, या म्हाताऱ्याकडे कॉफीचे पैसे नाहीत, कोण म्हणतो बारा?"

"बारा." "पंधरा." लोक गोळा व्हायला लागले. मासळीवाल्या बायका टोपल्या घेऊन थांबल्या. शामते अठरावर आला, म्हणजे दुप्पट, आणि हसत रिझिकीकडे पाहिलं, लाव हात म्हणून. तिने लावला नाही.

"बायको लोभी आहे," तो लोकांना म्हणाला. "वीस लाख. पंचवीस."

"तीस," कॉफीवाला म्हणाला. ओटा हसण्याने हलला. एवढे पैसे त्याने कॉफीच्या वाफेत सुद्धा पाहिले नव्हते.

"तीस लाख. पस्तीस. चाळीस."

चाळीसला मला दिसलं की शामतेच्या गालावरचं हसू तिथेच राहिलंय, पण डोळ्यांतून गेलंय. तो अजून पुकारत होता. रिझिकीचा हात मांडीवर तसाच. बोली आता कोणी लावत नव्हतं. तो एकटाच चढवत होता.

"पन्नास लाख. पंचावन्न."

मग म्हणाला, "साठ लाख."

साठ लाखाला सगळा ओटा गप्प झाला. त्या आकड्याचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होता. शामतेने तो परत एकदा म्हटला, हळू, जसा आपला माणूस गर्दीत दिसल्यावर नाव घेतो तसा. "साठ लाख." आणि थांबला. लिलावात तो कधी थांबत नाही.

मी रिझिकीला चिमटा काढला. आता लाव हात. साठवर लाव. इंजिनाएवढा कॅमेरा, एवढं तरी माणूस गिळेल. मसावेलाही ते पटलं असतं, अर्धा नाही तर तिसरा हिस्सा तरी वाचला असता. तिचा हात हलला. मी पाहिलं. कॅमेऱ्याकडे चार बोटं सरकला. मग तिने तो हात दुसऱ्या हाताने परत धरला, आणि नवऱ्याकडे न पाहता, जमिनीकडे बघून म्हणाली, "पुढे चला, नसराचे बाबा."

तो पुढे चालला. काय करणार? हात लागला नव्हता. सत्तर. ऐंशी. त्याचा आवाज रोजच्यासारखाच होता, तेच तर वाईट होतं. गळा सवयीने आपला चढत होता. नव्वद. एक कोटी. मासळीवाल्या बायकांतली एक म्हणाली, "या अल्ला," आणि दुसरीने तिला कोपर मारलं. जुंबेने पेला खाली ठेवला आणि मान दुसरीकडे वळवली. म्हातारा असला तरी त्याला लाज कळते. एक कोटी वीस. चाळीस. पन्नास. साठ.

"एक कोटी सत्तर लाख."

रिझिकीने कॅमेऱ्यावर हात ठेवला. सगळा तळवा ठेवला, काचेवर.

शामते म्हणाला, "एकवार." मग म्हणाला, "दोनवार." तिसरं म्हणताना त्याचा आवाज पहिल्यांदा बसला. तरी म्हटलं. मग मसावेकडे वळला. "साहेब, ज्याचा मासा त्याने हात लावला. लिहा."

मसावेने लिहिलं. त्याला बिचाऱ्याला काही कळत नव्हतं, आणि सगळं कळत होतं. हिशोब करून हळूच म्हणाला, "वर्षाचा हप्ता साडेआठ लाख होईल. चार भागांत दिला तरी चालेल."

म्हणजे शामतेला जी आख्ख्या कॅमेऱ्याची किंमत वाटत होती, जवळजवळ तेवढा वर्षाचा नुसता विमा. त्याने मान हलवली, जसं काही हेही त्याला आधीपासून माहीत होतं. रिझिकीने कांग्याच्या आतून फोन काढला. हंगाम उघडेपर्यंत घरात लागतील म्हणून पैसे ठेवलेले होते, त्यातला पहिला भाग तिने तिथेच पाठवला. मसावेच्या फोनची घंटी वाजली. एवढ्या लोकांत तेवढाच आवाज.

शामतेने माझ्याकडे पाहिलं. "आजी, तुम्हाला माहीत होतं?"

माझ्याकडे ऑक्टोपस होते, बोकड होते, मोंबासापर्यंत वाळत गेलेलं धुणं होतं. मी म्हटलं, "हो."

"बरं," तो म्हणाला, आणि पायी घरी गेला.

माझी खोली त्यांच्या घराला लागून आहे आणि मधली भिंत नारळाच्या झावळ्यांची, तेव्हा ऐकू येतं म्हणून ऐकलं. रिझिकी म्हणाली, "मी सांगणार होते."

"कधी?"

"नजर लागेल म्हणून आधी नाही सांगितलं. मग तुम्ही सायकल विकलीत. मग सांगताच आलं नाही."

"पैसा तुझा आहे. मी कधी तुझ्या पैशाचं विचारलं?"

"विचारलं होतंत. एकदा."

"विचारलं होतं," तो म्हणाला. "तू सांगितलं असतंस की बांगड्या विकते, कॅमेरा घेते, इंजिन राहू द्या, तर मी काय म्हटलं असतं गं? म्हटलं असतं घे. तुझी शपथ, तेच म्हटलं असतं. ते म्हणायलाच दिलं नाहीस तू मला. म्हणून मी गावभर तिसरा हिस्सा, तिसरा हिस्सा करत फिरलो. तू ऐकत होतीस."

"ऐकत होते."

"रोज?"

भिंतीच्या या बाजूला मी माझी तपकीर शोधत बसले. ती हातातच होती.

"आणि आज तरी साठवर थांबायचंस," तो म्हणाला.

"थांबले असते तर परत खोटं झालं असतं."

"हो," शामते म्हणाला. "पण थांबायचंस."

त्यानंतर गावात कोणी थट्टा केली नाही. त्याचंच वाईट वाटायचं. जुंबेसारखा माणूस, मेलेल्याला चिमटा काढून उठवेल असा, तो शामते आला की हवापाण्याचं बोलायला लागला. कॉफीवाला पैसे घ्यायला लाजायचा. लिलाव मात्र पुकारायलाच लागायचा. एक दिवस टोपलीभर मासळीचा भाव साठ हजारांवर आला आणि शामतेला तो आकडा म्हणता येईना. एकोणसाठ म्हणाला आणि तिथून एकसष्टवर उडी मारली. घेणाऱ्याने निमूट एकसष्ट दिले. रिझिकी मागे उभी होती. तिने चेहरा झाकून घेतला.

होडीवाल्यांनी तिला होडीत घेतलं, कागद पक्का होता. पाहुणे आले, पोटवे आला. ती खाली जायची, फोटो काढायची, वर यायची, आणि घरी येताना अशी यायची जणू कोणाची तरी वस्तू उचलून आणलीय. कॅमेरा माझ्याकडेच ठेवायला लागली. त्यांच्या घरात नेईना.

मग मधे वारा पडला. आमच्याकडे पडतो असा, पाणी तेलासारखं होतं आणि शिडं ओल्या कांग्यासारखी लोंबतात. इंजिनवाले गेले. शामते एकटा मचवा ढकलत होता. त्याचा जोडीदार तापाने पडला होता. मी किनाऱ्यावर शिंपले वेचत होते. वेचत म्हणजे, बघत होते.

रिझिकी घरातून आली ती सरळ पाण्यात शिरली. पाणी कमरेपर्यंत आल्यावर मचव्याच्या काठाला धरून वर चढली आणि दुसऱ्या वल्ह्यावर बसली.

शामते म्हणाला, "पाहुणे थांबलेत तिकडे. होडी सुटेल तुझी."

"सुटू दे."

"मसावेला हप्ता द्यायचाय पुढचा."

"देईन. आज नाही."

"तुला वल्हं मारता येत नाही."

"नाही येत."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं उतरवतो आता. मासेमारीच्या मचव्यात बायको घेऊन जाणं म्हणजे आमच्याकडे पुन्हा आठवडाभर ओट्यावर विषय, आणि तिला तेवढी लाज पुरे नव्हती का? किनाऱ्यावर चार माणसं थांबून बघतच होती. त्याने आपलं वल्हं पाण्यात टाकलं.

ती समुद्राखाली माशासारखी, पण वर कोंबडी. तिचं वल्हं कधी पाण्याला लागायचं, कधी नुसतं हवेला. त्याचा हात एवढा दणकट की एकाच बाजूने जोर पडला आणि मचवा जागच्या जागी फिरायला लागला. एक गिरकी, दुसरी गिरकी. किनाऱ्यावरचा एकजण हसला. रिझिकीने मान खाली घातली आणि मारत राहिली.

मग शामतेने आपला हात हळू केला. अगदी हळू, तिच्या हाताएवढा. मचवा सरळ झाला आणि रखडत रखडत बाहेर निघाला. त्या दिवशी त्यांना मासळी मिळाली नसणार, तोवर सगळी मासळी इंजिनवाल्यांनी उचलली होती.